सुरणाच्या काठ्या

पू, रक्त, ओकारी, आजाऱ्याच्या अंगाखालची न बदललेली चादर, यातल्या कशाचीच मला किळस येत नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला, तुझं नाक तिथेच मेलं, असं माझा नवरा वॉल्टर म्हणायचा. साफ खोटं. नाक चांगलं जिवंत आहे आणि त्याला शिसारी येते ती रूम फ्रेशनरची. त्यातही लिंबाच्या वासाच्या. गेल्या वर्षी ईस्टर झाल्यावर मी गोव्याहून घरी परतले, पडवीत पाय ठेवला आणि पहिल्यांदा तोच वास नाकात शिरला. डब्यातला लिंबू. झाडावरच्या लिंबाला असला वास सुटला तर मी ते झाड तोडून टाकीन.

गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला मी नोव्हेंबरात मुलीकडे, ॲश्लिनकडे, मडगावला गेले होते. घर रॉनीच्या ताब्यात होतं. रॉनी म्हणजे वॉल्टरचा पुतण्या. पुढच्या तीन खोल्यांत तो आणि त्याची बायको ग्लिनिस होमस्टे चालवतात. मालवणला समुद्रात डुबक्या मारून दमलेले पाहुणे आमच्या वाडीत झोपायला येतात. घर माझ्या नावावर, पाहुणे त्यांचे, मागची खोली आणि स्वयंपाकघर माझं, असं ठरलं होतं. ठरलं ते वाईट नव्हतं. वॉल्टर गेल्यावर घरात माणसांचा आवाज हवाच होता.

पण अंगणात पाहिलं आणि जागीच थांबले. फाटकाच्या आतल्या अंगाला वॉल्टरचा सुरणाचा वाफा होता, तिथे हिरवंगार गवत! एप्रिलात! विहीर तळाला गेलेली, जास्वंदीसुद्धा पानं मिटून बसलेली, आणि हे गवत आलं कुठून? वाकून हात लावला. प्लास्टिक. कुडाळहून गुंडाळी करून आणलेला प्लास्टिकचा गालिचा. उन्हाने तापून त्याला वितळत्या बादलीचा वास मारत होता. वर सिमेंटचा एक पांढरा हंस, त्याच्या पाठीत खळगा, खळग्यात पाणी, पाण्यात वळवळणारी डासांची पिल्लं.

"रॉनी, हंय माझो वाफो होतो," मी म्हटलं.

"कसलो वाफो, आंटी? सगळा सुकान गेल्ला. डिसेंबरात पावणे येतत आणि समोर ती पिवळी, कुजकी देठां. अंगणाचो फोटो कसो काढूचो?"

"आणि माझ्यो काठ्यो?"

"त्यो होय? त्यो मी बोर्डाक लावलंय."

फाटकावर 'सुस्वागतम'चा बोर्ड होता, त्याच्या चारी बाजूंनी माझ्या बांबूच्या काठ्या तारेने बांधल्या होत्या. वर वॉर्निशही मारलं होतं.

ज्यांनी सुरण फक्त बाजारात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. सुरणाला पावसाळ्यात एकच पान येतं, पण छत्रीएवढं. दिवाळी उलटली की ते पिवळं पडायला लागतं, देठ मऊ होतो, कलंडतो, आणि नाताळापर्यंत जमिनीवर त्याचं नावही उरत नाही. कंद खाली झोपलेला असतो. उन्हाळा सरत आला की आपणहून डोकं वर काढतो. म्हणून पान नाहीसं व्हायच्या आत तिथे काठी रोवायची. नाहीतर माणूस जागा विसरतो आणि खणताना कुदळ नेमकी कंदाच्या डोक्यात बसते. वॉल्टर अंथरुणाला खिळला तेव्हाही खिडकीतून विचारायचा, "एस्पेरांसा, काठी रोवलंस?" दोन हिवाळे त्याला खणायला जमलं नाही आणि तिसऱ्याच्या आधी तो गेला. काठ्या मात्र मी रोवल्या होत्या. मडगावला निघायच्या आदल्या दिवशी, गुडघा ठणकत असताना.

हळद, भुईचाफा, सगळ्यांचं तेच. थंडीत मेल्याचं सोंग घ्यायचं आणि उन्हाळ्याच्या शेवटी उठून बसायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रॉनीलाही होतं, तो इथेच वाढला. पण पाहुण्यांच्या डोळ्यांनी बघायला लागल्यापासून त्याला स्वतःचं अंगण ओळखू येईनासं झालं. उचल तो गालिचा, म्हटलं. हंगाम संपला की उचलतो, म्हणाला. मी प्रवासाने दमले होते, आत जाऊन पडले.

आता सत्यवतीबद्दल. आमच्या फाटकाबाहेर फणसाच्या सावलीत जांभ्या दगडाचा एक चिरा आहे. त्यावर बसून ती मासे विकते. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे तिची सासू बसायची, मग ही बसायला लागली. सकाळी बंदरावरून बांगडे, सौंदाळे, मिळेल ते घेऊन येते आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पाटी रिकामी करते. वाडीतली निम्मी घरं तिच्याच चिऱ्यावर पोसली गेली. उठताना पाटी धुतलेलं पाणी ती आमच्या सुरणाच्या वाफ्यात ओतायची. वॉल्टरनेच तिला तसं सांगितलं होतं, माशाच्या पाण्यावर सुरण माजतो. हिवाळ्यात कंद खणला की निम्मा तिचा, निम्मा आमचा. हा व्यवहार कधी कुणी बोलून ठरवला नव्हता.

मे महिन्यात वास सुटला.

सुरुवातीला संध्याकाळी यायचा, मग दिवसाही. पडवीत बसलं की एकदम झोत यायचा, मेलेली घूस आणि तिच्यावर सडलेली जखम. ग्लिनिस नाकाला ओढणी लावून फिरायला लागली. पुण्याचं एक कुटुंब दोन दिवसांचं राहणं सोडून तडक निघून गेलं आणि जाता जाता फोनवर एकच तारा देऊन लिहून गेलं, 'गेटवरच मासे विकतात. भयंकर दुर्गंधी.'

हे वाचून रॉनी थेट फाटकावर गेला. मी पडवीत होते, सगळं ऐकलं.

"सत्यवती, उद्यापासना हंयसर बसा नको."

"कित्याक रे बाबू?"

"वास येता. पावणे पळतत."

"माशांचो वास येतलोच मरे. गुलाब विकतंय काय मी?"

"ह्यो तसलो वास न्हय. तू हंय खंयतरी आतडी टाकतस. इतकी वर्सां घाणीचा पाणी आमच्या अंगणात ओतलंस ता ओतलंस."

मी काठी टेकत फाटकापर्यंत गेले. म्हटलं, "रॉनी, ह्यो माशाचो वासच न्हय. मासो कुसलो की डोळ्यांक झोंबता. ह्यो मांसाचो वास. गँगरीन झाल्लो पाय असोच घाण मारता. माझ्या नाकावर विश्वास ठेव."

"आंटी, तुझा नाक आता म्हातारा झाला," तो म्हणाला. पाहुण्यांसमोर हसावं तसं हसून म्हणाला, म्हणजे मला जास्त राग यावा.

सत्यवती भांडेल असं मला वाटलं होतं. तिची जीभ वाडीला माहीत आहे. पण 'घाणीचं पाणी' ऐकल्यावर ती उठलीच. पाटीवर फडकं टाकलं, पाटी डोक्यावर घेतली आणि वळणावरच्या एसटीच्या थांब्यापाशी जाऊन बसली. तिथे सावली नाही. बर्फ तासाभरात पाणी होतं आणि मासे मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी रॉनीने चिरा फिनेल ओतून खराट्याने घासला आणि त्यावर मनी प्लांटची कुंडी ठेवली.

बाई गेली. वास राहिला. राहिला कसला, वाढला. ज्याच्या डोक्यात मेंदू आहे त्याने इथे थांबून विचार केला असता. रॉनीने नवीन शोध लावला, की सत्यवती आता सूड म्हणून कुंपणावरून आतडी फेकते. कुंपण तपासलं, काही नाही. संडासाची टाकी उघडली, माळ्यावर चढला, विहिरीत वाकून पाहिलं. त्या गालिच्याला दोन-तीन ठिकाणी पोटं आली होती, पण ती घुशीने उकरल्याने आली असं त्याने ठरवून टाकलं आणि सर्वांत मोठ्या पोटावर तो सिमेंटचा हंस ओढून ठेवला. बाकी सगळीकडे रूम फ्रेशनर. मढ्यावर लिंबू पिळावं तसला वास घरभर. मी मागच्या खोलीचं दार लावून बसायची.

महिन्याच्या शेवटी आमच्या अंगणातल्या खुरसाकडे लादीन असते. दरवर्षीचीच पद्धत. पाऊस लागायच्या आधी वाडीतली माणसं संध्याकाळी क्रुसापाशी मेणबत्त्या लावून जमतात, प्रार्थना गातात, आणि शेवटी उकडलेले चणे खोबरं घालून वाटले जातात. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडात 'सांता मारिया' आणि नाकाला रुमाल. सूर नाकातून निघत होते. चणे मी स्वतः केले होते, चांगले झाले होते, पण कुणी हात लावला नाही. पातेलं तसंच भरलेलं राहिलं.

आणि मग तोंडं सुटली. ती बाई पहिल्यापासूनच गलिच्छ. तिने दिलेल्या नोटांनासुद्धा वास येतो. तिची सावली पडली तरी आंघोळ करावीशी वाटते. हे शेवटचं जी बोलली तिच्या घरात त्याच दुपारी सत्यवतीच्या बांगड्यांचं तिखलं शिजत होतं, वास माझ्या खिडकीपर्यंत आला होता. खाताना बोटं चाटायची आणि ढेकर देऊन झाला की नाक मुरडायचं! मला त्या अंगणातल्या घाणीपेक्षा या तोंडांची किळस आली. तोंडावर सांगितलंही तसं. कुणी मनावर घेतलं नाही, म्हातारी चिडली म्हणून हसले.

तेवढ्यात रॉनीने जाहीर केलं, की तो सोमवारी ग्रामपंचायतीत अर्ज देणार आहे. सत्यवतीला वाडीच्या हद्दीत कुठेच बसू देऊ नये, थांब्यापाशीसुद्धा. सह्या कोण करणार? सगळ्यांनी माना हलवल्या. क्रुसासमोर, मेणबत्त्या अजून जळत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थांब्यापाशी गेले. सत्यवती नव्हती. मग रिक्षा करून तिच्या घरी गेले, किनाऱ्याजवळ. दारात तिची सून उर्वशी उभी होती, डोळे सुजलेले.

"आये खंय?" मी विचारलं.

"न्हाता," उर्वशी म्हणाली. "सकाळपासना तिसऱ्यांदा."

न्हाणीच्या दाराशी पिळलेल्या लिंबांच्या सालींचा ढीग पडला होता. सत्यवती बाहेर आली, केस ओले, लुगड्याचा पदर हाताला गुंडाळलेला. मी पदर सोडवला. माशांच्या काट्यांनी बोटं आधीच चिरलेली असतात, त्यात ती दिवसदिवसभर लिंबाचा रस चोळत होती. तळव्यांची कातडी सोलून लाल झाली होती. असले हात मी भाजलेल्या माणसांचे पाहिले आहेत.

ती म्हणाली, "नर्सबाय, खरां सांग. माका वास येता?"

मी तिचा हात नाकाला लावला. "माशांचो येता गो. तुका येता, तुझ्या गिऱ्हायकांका येता, माका पण येता."

"तसो न्हय. कुसलेलो." तिने हात ओढून घेतला. "आदी माका वाटला, रॉनी खोटा बोलता. आता उशी हुंगतंय तर माकाच येता. उर्वशी जेवाण वाढता ना, ती तोंड फिरवता."

"मी खंय फिरवतंय गो आये?" दारातून उर्वशी रडत ओरडली.

सत्यवतीने ऐकल्यासारखं केलं नाही. ती पुन्हा लिंबू उचलायला वाकली. माझं डोकं फिरलं. जी बाई भर बाजारात चार दलालांना पाणी पाजते, ती स्वतःचीच उशी हुंगत बसली होती! असल्या वेळी मला रडू येत नाही, हाताला काहीतरी फोडायला हवं असतं. मी तिला सोमवारपर्यंत थांब म्हणून सांगितलं आणि त्याच रिक्षाने घरी आले.

दुपारचं ऊन होतं. पाहुणे एसीच्या वाऱ्यात झोपलेले. मी माजघरातून वॉल्टरचा कोयता घेतला आणि अंगणात उभी राहून कुत्र्यासारखं हुंगत चालले. फाटक, नाही. फणस, नाही. चिऱ्याला फिनेलचा वास. वळले आणि तोंडावर माश्या आल्या. जाड, हिरव्या, चकाकणाऱ्या माश्या, मढ्यावर बसतात त्या. सगळ्या त्या प्लास्टिकच्या गवतावर घोंघावत होत्या आणि हंसाच्या पोटाखाली शिरायला धडपडत होत्या.

हंसाला ढकललं. तो आडवा झाला आणि त्याची मान मोडली. बरं वाटलं. मग गालिच्यात कोयता घुसवला आणि टरकावत नेला.

वाफ आली. खरोखरची गरम वाफ, आणि तिच्यासोबत तो वास, की माझ्यासारखीलाही भिंत धरावी लागली. खाली मांसाच्या रंगाचं काहीतरी चेंगरलेलं होतं. जांभळट, बुळबुळीत, कडा कुजून काळ्या पडलेल्या, मधोमध मेंदूसारखा सुरकुतलेला गोळा, आणि त्यात अळ्या. शेजारी आणखी एक तसंच. आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, प्लास्टिक डोक्याने उचलून धरत, एक जाड, लाल दारूच्या रंगाचा कोंब अजून मिटलेला.

मी मोठमोठ्याने हसायला लागले.

सुरणाचं फूल! डोंगरावरच्या रानसुरणाला हे येतं, लहानपणी त्या वासाने आम्ही पोरं पळत सुटायचो. पण परसातल्या सुरणाचं फूल वाडीत कुणी पाहिलंय? दर हिवाळ्यात त्याला खणून खातात, फुलण्याइतकं वय त्याला मिळतंच कुठे? वॉल्टरच्या आजारपणाने आणि मरणाने ते मिळालं होतं. पान नाही, देठ नाही, आधी नुसतं फूल, आणि माश्यांना बोलवायचं तर मढ्याचाच वास हवा. त्याने आपलं काम चोख केलं. वरून प्लास्टिक टाकलं म्हणून ते थांबेल थोडंच!

माझं हसणं ऐकून रॉनी धावत आला. त्याने खाली पाहिलं, दोन्ही हात तोंडावर नेले, आणि गालिच्यावर ओकला.

"ह्या... ह्या काय?" त्याने तोंड पुसत विचारलं.

"तुझो काका," मी म्हटलं. "तेचो सुरण. काठ्यो उपटलंस ना, म्हणान तुका गावलो नाय. अर्ज खंय आसा?"

अर्ज त्याच्या खिशातच होता. तो मी माझ्यासमोर फाडायला लावला. संध्याकाळी तो केकचा डबा घेऊन सत्यवतीकडे गेला, मीही सोबत गेले, नाहीतर तो वाटेतूनच परतला असता. तिच्या दारात उभा राहिल्यावर त्याची मालवणी गेली आणि सरकारी मराठी आली. "सत्यवतीबाई, झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो. गैरसमजातून घडलं." जन्मभर जिच्या हातचे मासे खाल्ले तिच्याशी तो अर्जातल्या भाषेत बोलत होता. मला लाज वाटली. सत्यवती म्हणाली, "बरां." केकचा डबा उर्वशीने घेतला.

सत्यवती दुसऱ्या दिवशी चिऱ्यावर आली नाही. तिसऱ्याही नाही.

तोवर तो कोंब उमलला. पूर्ण, मोकळा, पाटीएवढा रुंद, आणि वास असा की फणसावरचे कावळे खाली उतरले. ग्लिनिसने त्याचा फोटो टाकला, 'आमच्या बागेतलं दुर्मिळ फूल, आयुष्यात एकदाच', असं काहीतरी लिहून. झालं! शेजारच्या होमस्टेमधले पाहुणे यायला लागले, मग मालवणहून गाड्या. नाकं दाबून, तोंडं वेडीवाकडी करून, आनंदाने किंचाळत फोटो काढत होते. "ई, किती घाण! ये ना, तू पण ये!" थोड्याच दिवसांपूर्वी याच वासाला एक तारा मिळाला होता, आता पाच. रॉनीने भोवती दोरी बांधली होती, माझ्याच काठ्या बोर्डावरून काढून त्यांना. तो मला म्हणाला, "आंटी, सत्यवतीक बोलव मगे. आता काय प्रॉब्लेम नाय."

मी बोलवायला गेले ते त्याच्यासाठी नव्हे. तिने डोळ्यांनी पाहावं, नाकाने हुंगावं आणि त्या उशीचं भूत तिच्या डोक्यातून जावं, एवढ्याचसाठी. ती आली. पाटीही घेऊन आली, म्हणजे बसायचं तिच्या मनात होतं. आम्ही दोरीपाशी गेलो. एक शहरातली बाई, नाकावर मास्क, फुलाशेजारी उकिडवी बसून फोटोसाठी हसत होती. तिच्या नवऱ्याने फोन खाली घेतला.

"मावशी, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

आणि सत्यवती झाली बाजूला. पाटी उचलून, चार पावलं मागे. कुंपणाला टेकेपर्यंत.

त्यांचे फोटो संपले तेव्हा ती पुढे आली. दोरीखालून वाकली आणि त्या फुलावर तोंड नेऊन भरपूर श्वास घेतला, जसं कुणी मोगरा हुंगावा. मग तिने स्वतःचा तळवा नाकाशी नेला. पुन्हा फूल. पुन्हा तळवा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सारखो नाय. न्हय गो?"

ती मला सांगत नव्हती. विचारत होती.

मी कोयता आणला आणि फूल मुळातून छाटलं. पाहुणे ओरडले, ग्लिनिस रडकुंडीला आली, रॉनी मधे आला तेव्हा त्याला म्हटलं, घर माझं आहे. ते फूल मी उचलून त्यांच्या पाहुण्यांच्या टेबलावर, रूम फ्रेशनरच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं. मग चिऱ्यावरची कुंडी ढकलून दिली आणि सत्यवतीला बसवलं. गालिचा त्याच संध्याकाळी गेला.

पाऊस लागल्यावर सुरणाला पानं आली. छाटलेल्या जागेशेजारून, चेंगरलेल्या जागांतून, सगळीकडून. टवटवीत, जाड देठाची, ठिपक्याठिपक्यांची, काही झालंच नाही अशा थाटात. सत्यवती पुन्हा पाटीचं पाणी वाफ्यात ओतायला लागली. वाडीतल्या बायका पुन्हा चिऱ्याभोवती जमून भाव करायला लागल्या. ज्या बाईला तिच्या सावलीने आंघोळ करावीशी वाटायची ती सर्वांत जास्त घासाघीस करते. माफी कुणी मागितली नाही, कुणाला आठवतच नाही.

फक्त सत्यवतीच्या पाटीच्या कडेला हल्ली एक कापलेलं लिंबू असतं. मासा द्यायच्या आधी ती तळव्याला चोळते. कुणाच्या हातातून काही घ्यायचं असलं तरी आधी चोळते. रॉनीला वाटतं, स्वच्छतेच्या दृष्टीने फार चांगली सवय. ग्लिनिसने त्याचाही फोटो टाकला.

नोव्हेंबरात पानं पिवळी पडली. देठ कलंडले तसतशा मी काठ्या रोवल्या आणि नाताळच्या आधी माणूस लावून सर्वांत मोठा कंद खणून घेतला. कोयत्याने दोन केले, निम्मा टोपलीत घालून फाटकावर नेला. मातीने भरलेला कंद, नखांत चिखल गेलेल्या माझ्या हातात.

"घे गो, तुझो वाटो," मी म्हटलं.

सत्यवतीने हात पुढे केले, मग मागे घेतले, आणि लिंबू उचललं. सुरण चिरताना खाज सुटू नये म्हणून आंबट लावतात, हे खरं आहे. पण ते चिरताना. घेताना कुणी लावत नाही, आणि माझ्या हातून घेताना तर नाहीच.

मी तिच्या बोटांतून ते लिंबू काढून घेतलं आणि फणसापलीकडे भिरकावलं. तिने पाटीखालून दुसरं काढलं.